न बांधलेल्या पुलाकडे

सातारा-सांगलीकडे जाऊन आले असं कळलं की लोक विचारतात, अजिंक्यताऱ्यावर चढलात का, कंदी पेढे आणलेत का, हळदीचा बाजार पाहिलात का. पेढे घेतले होते, ते वाटेतच देऊन टाकले. किल्ला ढगात होता. बाकी जे पाहिलं ते प्रवासवर्णनात बसतं की नाही, मला ठाऊक नाही. पण तिकडे न गेलेल्यांना ते सांगावं असं वाटतं, म्हणून लिहिते आहे. दोन गावांची नावं मी बदलली आहेत. तिथल्या माणसांना उद्याही एकमेकांच्या समोरासमोर राहायचं आहे.

मी पुण्याच्या एका कॉलेजात भूगोल शिकवते. मोठा दुष्काळ सरून दोन-तीन पावसाळे झाले होते. या दोन जिल्ह्यांचा मिळून विचार करायला एक प्रादेशिक नियोजन मंडळ नेमलं होतं आणि त्यावर मला घेतलं होतं. रस्ते, पाणी, दवाखाने, बाजार हे प्रत्येक नगरपालिकेने आणि ग्रामपंचायतीने आपापल्या हद्दीपुरतं न पाहता शेजाऱ्याबरोबर बसून ठरवावं, अशी त्यामागची कल्पना. मंडळाला हुकूम सोडण्याचा अधिकार नव्हता. माणसांना एका सतरंजीवर बसवायचं आणि दोघांकडून सारखाच ठराव करून घ्यायचा, एवढंच आमच्या हाती होतं. त्यासाठीच मी श्रावणात बाहेर पडले.

सातारा

जीपमध्ये आम्ही तिघं होतो. मंडळाचे अभियंता मगदूम हे सांगलीकडचे जैन, पन्नाशीचे, सावकाश बोलणारे. दिवस मावळला की ते ताटावर बसत नसत, त्यामुळे आमचा सगळा प्रवास त्यांच्या जेवणाच्या वेळेला बांधलेला होता. ड्रायव्हर जाधव पलटणीतून निवृत्त झालेला. जीप सुरू करण्याआधी तो टायरला एक लाथ मारायचा आणि मग गाडीनेच सलाम ठोकल्यासारखा समाधानाने आत बसायचा.

साताऱ्यात सतत झिमझिम होती. विश्रामगृहाच्या व्हरांड्यात टाकलेले माझे कपडे दुसऱ्या दिवशीही ओलेच होते. संध्याकाळी मंडळाचे एक जुने सदस्य भेटायला आले. पेशाने वकील. मी उत्साहाने त्यांना नकाशा दाखवला. कराडच्या खाली कृष्णेच्या दोन काठांवर दोन गावं आहेत, उंबरगाव साताऱ्यात आणि सोनतळी सांगलीत. त्यांच्यामध्ये पूल बांधावा आणि सोनतळीचा दवाखाना दोन्हीकडच्या गावांसाठी मोठा करावा, अशी आमची पहिली योजना होती.

वकीलसाहेबांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "बाई, जिल्हे म्हणजे वेगळे निघालेले भाऊ. वाटणी झाली की बांधावरच्या झाडाची सावलीसुद्धा मोजून घेतात. तुम्ही पूल मागताय."

"पण दोन्ही गावांना हवा आहे पूल."

"गावांना हवाच असतो," ते म्हणाले आणि पेढ्यांचा पुडा माझ्यापुढे सरकवून उठले.

कोरेगाव

कोरेगावला बाजाराचा दिवस होता. इथला घेवडा मी पुण्यात पुष्कळदा विकत घेतला आहे, पण त्याची ताजी उसळ, दगडी वरवंट्याखालची लसणाची चटणी आणि हातावर थापलेली भाकरी, हे इथेच खावं. आम्हाला जेवायला बोलावलं होतं एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने. पंचायत समितीवर ते पूर्वी निवडून आलेले होते आणि आता त्यांना सगळे नुसतं बापू म्हणत. घरातले दोन मुलगे पलटणीत. भिंतीवर देवांच्या तसबिरींशेजारी दोघांचे गणवेशातले फोटो होते.

बापूंना आमचं काम नीट समजावून सांगितलं.

"माझ्या तिघी भनी नदीपल्याड दिल्यात," ते म्हणाले. "दिल्या तवा त्यो जिल्हाच न्हवता. समदं सातारच. मग एक दिवस कळलं, भनी दुसऱ्या जिल्ह्यात ग्येल्या. त्या हायेत तितंच हायेत. जिल्हा ग्येला."

मगदूम हसले. बापू हसले नाहीत.

"तुमी भूगोल शिकवता न्हवं बाई? मग नदीची हद्द कुठनं धरत्यात?"

"मधल्या धारेवरून," मी म्हटलं.

"व्हय. आन् ती धार दरसाल हलती." एवढं बोलून त्यांनी माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. आमच्या रत्नागिरीकडे पाहुणा नको म्हणाला की यजमान तरी एकदा थांबतो. इथे थांबत नाहीत.

सोनतळी

कराड सोडल्यावर हमरस्त्यावरून आत वळलो आणि उसाच्या भिंतींमधून चिखलाच्या वाटेने सोनतळीला पोचलो. गाव सुखवस्तू वाटलं. सरपंच चौगुले, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, जैन शेतकरी होते. ऊस आणि हळद हे त्यांचं पीक. दिवस उतरायच्या आत त्यांच्याकडे जेवणं झाली. कांदा-लसणाशिवायची मुगाची आमटी, दोडक्याची भाजी, ज्वारीची भाकरी आणि लोणी. परसात हळदीची पानं कमरेएवढी वाढली होती. आमच्याकडे श्रावणात याच पानात पातोळ्या वाफवतात, असं मी अण्णांच्या पत्नीला सांगितलं. त्यांना ते ऐकून नवल वाटलं. हळदीच्या गावात पान कुणी ताटात आणत नव्हतं.

जेवणानंतर अण्णा आम्हाला नदीवर घेऊन गेले. कृष्णा तांबडी होऊन वाहत होती, पण काठात होती. समोर उंबरगाव स्पष्ट दिसत होतं. देवळाचं शिखर, शाळेची कौलं, धुणं वाळत घालणारी बाई. हाक मारली तर ऐकू जावं इतकं जवळ. सोनतळीचे लोक त्याला 'पल्याड' म्हणत. उंबरगावचे लोक सोनतळीला 'पल्याड'च म्हणतात, हे मला दोन दिवसांनी कळलं.

काठावर एक जुनी नाव पालथी पडली होती. तिच्या फळ्या सुटलेल्या, काही सरपणाला गेलेल्या. तिच्या ठेक्याचा लिलाव एक वर्ष या जिल्ह्याची कचेरी करी, एक वर्ष त्या. नाव मोडली तेव्हा नवी कुणी घ्यायची याची विचारणा दोन्हीकडून एकमेकांना होत राहिली आणि नाव आली नाही. आमच्याकडे खाडीवर तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, असते. ती कुणाच्या हद्दीतून कुणाच्या हद्दीत जाते हे आम्ही लहानपणी कधी ऐकलंसुद्धा नव्हतं.

"मग लोक जातात कसे?" मी विचारलं.

अण्णांनी काठावरच्या लोखंडी काहिलीकडे बोट दाखवलं. गुऱ्हाळात उसाचा रस आटवतात ती भली मोठी पसरट कढई. पावसाळ्यात गुऱ्हाळ बंद असतं, तेव्हा तीच नदीत सोडायची. आत माणसं बसवायची आणि दोन पोहणाऱ्यांनी ती ढकलत पैलतीराला न्यायची.

तिथेच लीलाताई भेटल्या. सोनतळीच्या दवाखान्यातल्या नर्स, पस्तिशीच्या, किडकिडीत. डॉक्टर आठवड्यातून दोनदा तालुक्याहून येत. बाकीचे दिवस त्याच होत्या. उंबरगाव त्यांच्या जिल्ह्यात नव्हतं, तरी तिथल्या बायकांची बाळंतपणं त्याच करत आल्या होत्या.

"वरून ताकीद आली होती मला, हद्द सोडून जायचं न्हाई म्हणून," त्या म्हणाल्या. "शिपाई कागद घेऊन आला तवा मी काहिलीतच बसले व्हते. त्याला म्हटलं, परत आल्यावर वाचते."

त्याच वेळी उंबरगावहून काहिलीतून एक उंच, पांढऱ्या मिशांचा गृहस्थ उतरला. उंबरगावचे सरपंच, पलटणीतले निवृत्त सुभेदार. दुसऱ्या दिवशीच्या बैठकीसाठी मुद्दाम आदल्या दिवशी आले होते. पाण्याचा भरवसा नव्हता म्हणून. अण्णांनी त्यांना हात देऊन काठावर घेतलं. दोघं एका शाळेत शिकलेले, असं मगदूम म्हणाले. तरी दोघंही एकमेकांकडे न पाहता नदीकडे पाहत बोलत होते.

घाटाच्या पायऱ्यांवर एक बाई उभी होती. तिने सुभेदारांना थांबवून विचारलं, "आवं, शालन बरी हाय न्हवं?"

"बरी हाय," सुभेदार म्हणाले. "दिस भरत आल्यात."

ती हौसाबाई. तिची मुलगी शालन सुभेदारांची सून होती आणि सुभेदारांचा मुलगा सरहद्दीवर होता. पहिलं बाळंतपण माहेरी झालं होतं. दुसरी खेप म्हणून शालन सासरीच राहिली होती. नागपंचमीलाही या खेपेला ती आली नव्हती. लेकीचं सासर हौसाबाईला आपल्या दारातून दिसत होतं.

बैठक

बैठक शाळेत भरली. दोन्ही पंचायतींचे पंच, काही शेतकरी, लीलाताई, मी आणि मगदूम. पहाटेपासून पाऊस नव्हता, पण कोयनेच्या खोऱ्यात फार झाला होता आणि नदी चढत होती. मगदूमांनी फळ्यावर खडूने पूल काढून दाखवला. दवाखान्याचा खर्च दोघांनी कसा वाटून घ्यायचा, रस्ता कुणाच्या जमिनीतून जाईल, हे सगळं बोलणं माझ्या अपेक्षेपेक्षा फार नीट झालं. अण्णांनी आपल्या हळदीच्या रानातून रस्ता द्यायचं कबूल केलं. सुभेदारांनी दवाखान्याला दगड देऊ केला. मी मनात वकीलसाहेबांना उत्तर तयार करत होते.

मग कुणीतरी विचारलं, पुलाला नाव काय?

"उंबरगाव-सोनतळी," सुभेदार म्हणाले.

"दवाखाना आमचा, रस्ता आमच्या रानातनं," अण्णा म्हणाले. "सोनतळी आधी यायला पाहिजे."

"नदीला उतार आमच्याकडनं हाय. पूल आमच्या काठावर रोवणार."

"दोन्ही काठावर रोवणार की. एका काठावर रोवायला तो काय झेंडा हाय?"

आधी माणसं हसली, मग हसेनाशी झाली. सोनतळीचे पंच एकीकडे सरकले, उंबरगावचे दुसरीकडे. कोनशिलेवर कुणाचं नाव वर, उद्घाटनाला कुठला पाहुणा, नारळ कुठल्या काठावर. जुनी भांडणं निघाली. नावेचं निघालं, वाहून गेलेल्या म्हशीचं निघालं. मगदूम खडू हातात घेऊन फळ्यापाशी उभेच राहिले. ठराव लिहिलेला तयार होता, फक्त वरची ओळ कोरी होती.

तेवढ्यात नदीकडून आरडाओरडा ऐकू आला. आम्ही सगळे बाहेर धावलो.

पलीकडच्या काठावर दोन माणसं उभी होती आणि त्यांतला एक लाल लुगडं काठीला बांधून हलवत होता. पल्याड कुणी अडलं तर लाल कापड दाखवायचं, अशी खूण होती. वाऱ्यावर शब्द तुटत येत होते. मला काही कळलं नाही. लीलाताईंना कळलं.

"शालन," त्या म्हणाल्या. "बाळ झालंय. रक्त थांबंना."

त्या पिशवी आणायला दवाखान्याकडे पळाल्या. सुभेदारांनी पायातले बूट काढले आणि काहील पाण्यात ढकलायला वाकले. अण्णा त्यांच्या शेजारी वाकले. दोघांनी मिळून ती ढकलली. दोन तरणेबांड गडी पाण्यात उतरले, लीलाताई आत बसल्या. धारेला लागताच काहील गरगर फिरली, एका अंगावर कलली, पाणी आत आलं. एका गड्याचा हात सुटला. काठावरून दोर टाकून त्यांना ओढून घेतलं, पार खालच्या वळणापाशी. लीलाताई ओल्याचिंब बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "पुन्हा टाका."

"न्हाई," अण्णा म्हणाले. "समदी मरतील."

सुभेदारांनी माझ्याकडे पाहिलं, मग जीपकडे.

हौसाबाई घाटाच्या पायऱ्यांवर उतरली होती. पाणी तिच्या घोट्याशी आलं होतं आणि ती समोर पाहत उभी होती.

उंबरगावकडे

उंबरगावला गाडीने जायचं तर हमरस्त्याला लागायचं, मागे कराडला जायचं, तिथला पूल ओलांडायचा आणि मग पलीकडच्या काठाने कच्च्या रस्त्याने खाली यायचं. नकाशावर मी ही वाट कितीदा बोटाने चालले होते. जाधवने त्या दिवशी जशी गाडी चालवली तशी मी कधी पाहिली नाही. सुभेदार पुढे बसले होते, ताठ, दोन्ही हात गुडघ्यांवर. मागे लीलाताई, मी आणि मगदूम. हौसाबाईला बरोबर घ्यायचं घाईत कुणाला सुचलंच नाही. कराडच्या पुलावरून जाताना लीलाताई खालच्या पाण्याकडे पाहून म्हणाल्या, "हेच पानी तिकडं जातंय. आपल्या आधी पोचंल."

पलीकडच्या काठाला एक ओढा आडवा येतो. त्यावर फरशी होती आणि फरशीवरून पाणी चाललं होतं. जाधव उतरून आत गेला, मांडीपर्यंत पाण्यात उभा राहिला आणि परत आला. "मॅडम, गाडी जानार न्हाई."

आम्ही थांबलो. पाणी उतरायची वाट पाहणं याहून वाईट काही नाही. माणसाला करण्यासारखं काही उरत नाही. मगदूमांनी घड्याळाकडे पाहिलं आणि मग घड्याळ काढून खिशातच ठेवलं. शेवटी पाणी थोडं ओसरलं तेव्हा सुभेदार आणि जाधव यांनी लीलाताईंना मध्ये धरून फरशी पार केली. आमच्या सांगण्याची वाट न पाहता ती तिघं उसातल्या पायवाटेने पुढे गेली. पाणी आणखी उतरल्यावर मगदूमांनी जीप चालवली आणि मी आणि ते नंतर पोचलो, चिखलातून रुतत.

गावात शिरताना बायका दारात उभ्या दिसल्या. जीप दिसताच त्यांनी पदर तोंडाशी नेले. मला कळलं.

शालन गेली होती, लीलाताई पोचल्यावर थोड्या वेळाने. रक्त थांबवायचं इंजेक्शन त्यांनी दिलं होतं. त्यांना ओळखून शालनने विचारलं होतं, "आयेला सांगितलं का?" मग ती बोलली नाही. मुलगी वाचली होती. गावातली एक लेकुरवाळी बाई तिला पदराखाली घेऊन बसली होती. लीलाताई दाराच्या उंबऱ्यावर बसल्या होत्या, हात अजून धुतले नव्हते.

ती रात्र आम्ही उंबरगावच्या शाळेत काढली. जेवलो नाही. मगदूमांना तर दिवस मावळल्यावर खायचंच नव्हतं, पण सकाळीही ते जेवले नाहीत.

सकाळी बायका शालनला न्हाऊ घालायला जमल्या, तेव्हा एक अडचण निघाली. सवाष्ण गेली की तिच्यावर माहेरचं लुगडं घालतात. माहेर समोर होतं, नदीपलीकडे. हौसाबाईचा मुलगा तिकडच्या काठावर हातात काहीतरी घेऊन उभा असलेला दिसत होता. ते लुगडंच असणार. रात्रीतून ओढा पुन्हा चढला होता, त्यामुळे ते गाडीनेही इकडे येणार नव्हतं.

शालनची सासू दाराशी बसून म्हणत होती, "माहेराबिगर कशी पाठवू? तिची आई काय म्हनंल मला?"

लीलाताई माझ्याकडे आल्या. "बाई, तुमच्या बॅगेत रंगीत साडी हाय का?"

एक होती. वांगी रंगाची, तांबड्या काठाची, मंडळाच्या सांगलीतल्या बैठकीसाठी घडी करून ठेवलेली. ती मी काढून दिली. लीलाताईंनी ती सासूच्या हातात ठेवली. "ही सोनतळीहून आलीय," त्या म्हणाल्या. "मी सोनतळीची, गाडी सोनतळीहून निघाली. माहेरचीच धरा."

सासूने साडीवरून हात फिरवला, माझ्याकडे पाहिलं, आणि मान हलवली.

उंबरगावचं मसणवटं नदीकाठीच, थोडं उंचावर आहे. चितेला सुभेदारांनीच अग्नी दिला. मुलगा यायला कितीतरी दिवस लागणार होते. समोरच्या काठावर सगळं सोनतळी गोळा झालं होतं. पांढरी धोतरं, टोप्या, बायकांचे रंगीत ठिपके. पायऱ्यांवर सगळ्यांच्या पुढे एकटी उभी होती ती हौसाबाई, हे इतक्या दुरूनही कळत होतं. इकडे धूर झाला तेव्हा तिकडची सगळी माणसं खाली बसली. ती उभीच राहिली. एका नदीच्या दोन काठांवर एकच प्रेतयात्रा जमली होती आणि मधल्या पाण्यातून ओंडके वाहत चालले होते.

सांगली

ओढा उतरल्यावर लीलाताईंना सोनतळीत सोडून आम्ही सांगलीला गेलो. त्या एकट्याच हौसाबाईच्या घराकडे गेल्या. घरात माणसं फार होती, आम्हाला त्यांनी नको म्हटलं. वाटेत माधवनगरला चहा घ्यायला थांबलो. कापडगिरणीची पाळी सुटली होती, माणसं भडंग खात, हसत रस्त्याने चालली होती. आपल्या अंगावर अजून धुराचा वास आहे असं मला सारखं वाटत होतं.

मंडळाची बैठक ठरल्याप्रमाणे झाली. बोलावलं नसताना अण्णा आणि सुभेदार दोघंही आले होते. सुभेदारांचं डोकं भादरलेलं होतं. दोघं भिंतीशी एका बाकावर बसले.

मी जे झालं ते सांगितलं. सगळे गंभीर झाले. अध्यक्षांनी दोन मिनिटं उभं राहायला सांगितलं, सगळे उभे राहिले, बसले. मग चर्चा सुरू झाली. एका बाजूचे प्रतिनिधी म्हणाले, पुलाला आमची ना नाही, मात्र पुढाकार त्यांनी घ्यावा. दुसऱ्या बाजूचे म्हणाले, पुढाकार घेऊ, पण देखभाल त्यांनी करावी. कुणी वाईट माणूस नव्हता. मधल्या वेळात एकाने मला बाजूला घेऊन डोळे पुसले. परत जाऊन बसल्यावर मात्र त्याने आपल्या बाजूचंच म्हणणं मांडलं.

सुभेदार उठले. "त्या दिवशी आमी नावावरनं भांडलो," ते म्हणाले. "नाव सोनतळीचं आधी घाला. आमच्या गावाचं न्हाई घातलं तरी चालंल. पूल बांधा."

अण्णाही उठले. "आमचं कसलंच नाव नको. आन् पूल हुईस्तवर निदान नाव चालवायची परवानगी द्या. दोन पंचायती मिळून घेतो. निम्मी आमची, निम्मी त्यांची."

अध्यक्षांनी शेजारच्या अधिकाऱ्याकडे पाहिलं. अधिकारी हळू आवाजात, खरोखर अपराधी होऊन म्हणाला, पंचायतीला आपल्या हद्दीबाहेर खर्च करता येत नाही. नाव मधल्या धारेपलीकडे गेली की तो खर्च बेकायदा ठरेल. दोघांना मिळून करायचं असेल तर वरून वेगळी मंजुरी लागेल.

"मग धारेपातुर आमी आणतो," अण्णा म्हणाले. "तितनं पुढं हे नेतील. माणसांनी धारेत उतरून नाव बदलायची का?"

ठराव झाला की दोन्ही जिल्ह्यांनी या प्रश्नाचा सहानुभूतीने विचार करावा. मीही हात वर केला. न करून काय होणार होतं?

बाहेर पडल्यावर दोघं सरपंच पावसात एकाच छत्रीखाली स्टँडकडे जाताना दिसले. सुभेदार उंच, अण्णा बुटके. छत्री अण्णांच्या हातात होती आणि ती उंच धरून त्यांचा दंड भरून आला असणार.

पुन्हा सोनतळी

पुण्याला परतताना मी जाधवला गाडी आत वळवायला सांगितली. नदी अजून उतरली नव्हती आणि पलीकडच्या वाटेवरचा ओढाही पुन्हा भरल्याचं कळलं. हौसाबाई दारात जोंधळे निवडत होती. मला तिने ओळखलं नाही. बरोबर आलेल्या लीलाताईंनी सांगितलं, तेव्हा सूप बाजूला ठेवून तिने माझ्यासाठी पोतं अंथरलं.

"साडी तुमची व्हती म्हनं," ती म्हणाली.

"हो."

"ल्योक म्हनला, आये, हिरवं दिसतंय. मला एवढ्या लांबचं दिसत न्हाई. हिरवी व्हती का?"

मला हो म्हणता आलं असतं. "हिरवी नव्हती," मी म्हटलं. "वांगी रंगाची होती. काठ तांबडा."

ती ते मनात पाहत असावी. "तांबडा काठ व्हता न्हवं?" ती म्हणाली. "मग शोभली आसंल."

थोड्या वेळाने तिने नातीबद्दल विचारलं. रंग कसा आहे, जावळ आहे का, दूध ओढते का. मला जेवढं ठाऊक होतं तेवढं मी सांगितलं. जावळ पुष्कळ होतं. पाणी उतरलं की तुम्हाला जाता येईल, असंही मी म्हटलं.

"जाईन की," हौसाबाई म्हणाली. सूप पुन्हा मांडीवर घेऊन ती नदीकडे पाहत राहिली. "सांजच्याला वारा तिकडनं सुटला की रडल्यालं ऐकू येतंय मला. ल्योक म्हनतो, आये, पान्याचा आवाज हाय त्यो, एवढ्या लांबनं कुठं ऐकू येतंय. पर येतंय."